तोंडात फुटणारा वाटाणा

गुंडीने तोंडातला वाटाणा तळहातावर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. तिथे आधीच पाच जमले होते.

"नखरे आहेत सगळे," आजी म्हणाल्या. "मी चमच्याने भरवलं असतं, नाक दाबून. तुझ्या नवऱ्याला असंच वळण लावलं. आता बघ, समोर येईल ते मुकाट्याने खातो."

आईने ते वाटाणे उचलून वाटीत टाकले. गोष्टी सांगून झाल्या होत्या, आमिषं दाखवून झाली होती, एकदा धपाटाही घालून झाला होता. पाच वर्षांची पोर भात, कोरडी पोळी आणि बिस्किटांवर दिवस काढत होती.

दुपारी आई शिलाई मशीनवर बसली. गिऱ्हाइकाच्या झग्याला सॅटिनचं अस्तर लावायचं होतं. चिंध्यांत खेळणाऱ्या गुंडीला तिने कापडाचं टोक धरायला सांगितलं. गुंडीने बोट लावलं आणि अंग चोरून हात फ्रॉकला पुसला.

"काय झालं गं?"

"गिळगिळीत आहे. वाटाण्यासारखं."

आईचा पाय मशीनवर थांबला. "वाटाण्याची चव आवडत नाही तुला?"

"चव कुठे कळते? आधीच तो फुटतो. मग आतलं सगळं तोंडभर होतं."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. येताना वाटीत कच्चे वाटाणे आणि गाजराच्या चकत्या घेऊन आली. वाटी शेजारी ठेवून ती पुन्हा अस्तराला लागली. मान वर करायची नाही असं तिने ठरवलं होतं. बऱ्याच वेळाने कुडुम असा आवाज आला. मग आणखी एक.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. गुंडीपुढे कच्चं, बाकीच्यांपुढे उकडलेलं. बाबांनी नेहमीसारखा घास तोंडात टाकला आणि वर घोटभर पाणी प्यायले. औषधाची गोळी घ्यावी तसं. आईला ती त्यांची सवय वाटत आली होती, लग्न झाल्यापासून.

गुंडी टक लावून बघत होती.

"बाबा, तुझ्याही तोंडात फुटतो?"

बाबांनी आधी आजींकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "हो."

"मग सांगत का नाहीस?"

बाबा कसंनुसं हसले. आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, एक गाजर धुऊन आणलं आणि सुरी घेऊन मुलाच्या शेजारी बसल्या.

"पातळ कापू," त्यांनी विचारलं, "की जाड?"