नजरेतला तीळ

नाक लांब आहे माझं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी पाठीमागे हसायला नको. मी कॅमेरा बोलतोय. स्वस्तातला, पण लांबचं बघणारा. बंद असलो की नाक पोटात असतं. कळ फिरवली की घुर्रर्र करत बाहेर येतं, आणि फिरवत राहिलात तर येतच राहतं. शंभर पावलांवरच्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलंय की नाही, ते मी सांगतो. जवळचं बघायला काय, डोळे सगळ्यांनाच असतात.

जन्माचं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि एका बाईचा कंटाळलेला आवाज: "हा झाला, पुढचा दे." एवढंच माझं कौतुक. मग खोक्यातून प्रवास, आणि एका दुकानाच्या खालच्या फळीवर मुक्काम. वरच्या फळीवर मोठी मंडळी बसायची, नाकं काढून बदलता येणारी. गिऱ्हाईक आलं की आधी वर बघायचं, किंमत ऐकायचं आणि मग खाली वाकायचं. म्हणजे माझ्यापुढे लोक वाकायचे. असा मान त्या वरच्यांना कधी मिळाला नाही.

एक दिवस मामी आल्या. कुणा एकाच्या मामी नव्हेत. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची आणि त्यांच्या नवऱ्याला मामा. पन्नाशी उलटलेली, अक्षराशी ओळख नाही, पण एकदा बघितलेलं डोक्यातून जायचं नाही. त्यांनी माझा रंग विचारला नाही, फोटो किती मावतात तेही नाही. मला हातात घेऊन त्या दाराशी गेल्या आणि समोरच्या गच्चीकडे माझं नाक केलं. गच्चीवर कपडे वाळत होते.

"चिमटे अकरा," मामी म्हणाल्या. "त्यातला एक मोडलाय. चादर उडून जाणार त्या बाईची."

दुकानदार सरळ माणूस निघाला. माझ्या खोडी त्यानं एकेक करून पुढ्यात मांडल्या. उजेड कमी झाला की याला धड दिसत नाही, चित्रावर वाळू सांडल्यासारखी येते. नाक पुरतं ताणलं आणि हात जरा हलला की सगळं पुसटतं. जागं व्हायला वेळ लावतो, कळ दाबल्यावरही क्षणभर विचार करतो, तोवर पाखरू उडालेलं असतं. उन्हात मागचा पडदा दिसत नाही. आणि नाक सुटं होत नाही, तेव्हा धुळीला जपा; एकदा आत गेली की गेली.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या घरच्या माणसापेक्षा कमीच आहेत. द्या बांधून."

घरच्या माणसाचं सांगायचं, तर मामा उंचावर चढायचे. तोच त्यांचा धंदा. पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची धुराडी, असं जे काही आभाळात गेलेलं असेल ते धुवायचं, रंगवायचं, त्याचे बोल्ट आवळायचे. कमरेला पट्टा असायचा, पण तो अडकवायचा शिडीलाच. शिडीच निखळली तर पट्टा काय करणार, बरोबर खाली येणार.

मी घरात यायच्या थोडंच आधी एका धुराड्यावर त्यांच्या पायाखालची पायरी सुटली आणि मामा नुसत्या हातांवर लोंबकळले. घरी येऊन मुठी मिटूनच बसले. जेवताना घास उचलेना, तेव्हा मामींनी मूठ उघडायला लावली. तळव्यांची सालं निघालेली.

मामी म्हणाल्या, धंदा सोडा. मामा म्हणाले, सोडून काय करू, तुझ्या भाज्या निवडत बसू? तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. चौथ्या दिवशी लेकीनं मध्ये पडून तोडगा काढला. मामांनी चढायचं, पण त्याआधी मामींनी खालून एकेक पायरी बघायची, आणि मामी 'नाही' म्हणाल्या तर नाही. मामांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आठवड्यात हिची हौस फिटेल.

हौस कसली फिटते. मामी पाठ भिंतीला लावायच्या, कोपर बरगडीला घट्ट, श्वास कोंडून धरायचा आणि मग कळ दाबायची. माझा हात हलतो म्हणतोस काय, बघच आता, असं जणू मलाच बजावायच्या. पायरी पहिली, पायरी दुसरी, अशा वरच्या टोकापर्यंत. मग काळी छत्री उघडून तिच्या सावलीत मला धरायचं आणि पडद्यावर सगळं पुन्हा बघायचं. लिहून काही ठेवायच्या नाहीत. "सतराव्या पायरीचा डावा बोल्ट ढिला आहे, पंचविसाव्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे." मामा पाना घेऊन जायचे, आणि बोल्ट ढिलाच निघायचा. पोळंही निघालं. त्या दिवसापासून मामांची चेष्टा जरा मवाळ झाली.

छत्रीचं आणखी एक काम होतं. उंचावर वारा असतो, खालची हाक पोहोचत नाही. म्हणून ठरलेलं: मामांनी दर दहा पायऱ्यांना खाली बघायचं. छत्री उघडी दिसली तर पुढे, मिटलेली दिसली तर परत.

एकदा एक धुराडं बघता बघता संध्याकाळ कलली. माझ्या चित्रांवर वाळू चढायला लागली. मामींनी सरळ मला पिशवीत घातलं आणि सांगितलं, दिसत नाही, उद्या. मामा पाय आपटत घरी आले. मला मात्र बाई आवडली. आंधळ्याला आंधळा म्हणायला धीर लागतो. बहुतेक लोक मला न दिसलेलं आपल्या मनानं भरून घेतात.

मग आला तीळ.

एका चुन्याच्या भट्टीवर काम होतं. हवेत पांढरा धुरळा. माझं नाक आतबाहेर होतं ना, तेव्हा ते भात्यासारखं हवा ओढतं. कितीही जपलं तरी एक कण आत शिरला आणि माझ्या नजरेवरच जाऊन बसला. झालं. नाक ताणलं की प्रत्येक चित्रात उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. मामी आधी हबकल्याच. त्यांना प्रत्येक पायरीपाशी भोक दिसायला लागलं. लेकीनं समजावलं, "आई, हे शिडीवर नाही, कॅमेऱ्यात आहे. बघ, आभाळाचा काढला तरी तिथंच." मला दुरुस्तीला नेलं, तर कारागीर म्हणाला, हा उघडायचा म्हणजे नवाच घ्या. तेव्हा मामींनी मला परत पिशवीत घातलं. गालावर तीळ असतो, तसा याचा तीळ, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मामांना तर खाऊच मिळाला. मामींनी काही दाखवलं की म्हणायचे, "नीट बघ, तीळ असेल."

आता जे सांगतो, ते एका वसाहतीतलं. चार खांबांवर उभी पाण्याची टाकी, एका खांबाला लागून लोखंडी शिडी, पायऱ्या साठ. ठरावीक अंतरावर शिडी पट्ट्यांनी खांबाला जखडलेली. टाकी रिकामी केलेली, दुपारपर्यंत धुऊन परत भरायची. नळ कोरडे, त्यामुळे वसाहतीतली माणसं बादल्या घेऊन सावलीत बसलेली. आणि त्यांचा मॅनेजर, घड्याळावर बोट आपटत मामींच्या भोवती फेऱ्या मारणारा. "बाई, फोटो काय, लग्न आहे का टाकीचं?" असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा लोक हसले.

मामी एकेचाळिसाव्या पायरीपर्यंत आल्या. तिथल्या चित्रात खांबाची पट्टी नेमकी उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आली होती, आणि तिच्यावर काळं दिसत होतं. मामींनी पाहिलं. एक क्षण थांबल्या. मॅनेजर खाकरला.

"तीळच आहे," मामी म्हणाल्या, आणि पुढच्या पायरीकडे वळल्या.

मी ओरडलो असतो हो. मला माझा तीळ माहीत नाही? पण मला तोंड नाही. नाक आहे नुसतं.

साठ पायऱ्या झाल्या, मामींनी छत्री उघडली. मामांनी पट्टा आवळला आणि चढायला लागले. दहाव्या पायरीवर त्यांनी खाली पाहिलं, छत्री उघडी. मामी नजर त्यांच्यावर आणि मन कुठंतरी भलतीकडे, अशा उभ्या. विसाव्या पायरीवर पाहिलं, छत्री उघडीच. तेवढ्यात मामींनी मला पुन्हा डोळ्यासमोर धरलं आणि पडद्यावर एकेचाळीसचं चित्र आणलं.

स्वतःशीच पुटपुटल्या, "मोहरीएवढा होता. मसुरीएवढा कधी झाला?"

त्यांनी ते चित्र आणि चाळीसचं चित्र पुढेमागे केलं. मग त्यांनी जे केलं, ते मला बनवणाऱ्यांनाही सुचलं नसतं. मला सरळ उलटा धरला, पाय वर डोकं खाली, आणि तीच पायरी पुन्हा टिपली. तीळ माझ्या नजरेत बसलेला. मी फिरलो की तो माझ्याबरोबर फिरणार. टाकीवरचं मात्र टाकीवरच राहणार. चित्र आलं. माझा तीळ पलीकडच्या कोपऱ्यात, रिकाम्या आभाळावर. आणि पट्टीवरचं काळं पट्टीवरच. भोक होतं ते. बोल्ट नव्हताच तिथं.

मामा एकोणतिसाव्या पायरीवर होते. पुढच्याच पायरीवर त्यांनी खाली पाहिलं. मामींनी छत्री मिटली.

खाली गलका झाला. मॅनेजर वर बघून हात हलवायला लागला, चढा चढा. मामा तिथंच थांबले. वरून त्यांना बादल्या दिसत होत्या, माणसं दिसत होती, आणि मिटलेली छत्री धरून उभी असलेली आपली बायको. मी त्यांचा चेहरा जवळून पाहत होतो. कपाळाला आठ्या होत्या. एवढ्या लोकांत अर्ध्यावरून परत यायचं, ते बायकोनं सांगितलं म्हणून. त्यांचा एक पाय वरच्या पायरीवर गेला. तिथं तो किती वेळ होता कोण जाणे, माझी बॅटरी मात्र संपेल असं वाटलं. मग तो पाय खाली आला.

उतरल्यावर मामा काही बोलायच्या आत मामीच म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी तुम्हाला हो म्हटलं, ते चुकीचं म्हटलं. तीळ नव्हता तो."

मामांनी पडद्यावर पाहिलं. सरळ चित्र पाहिलं, उलटं पाहिलं. मग खाली मातीत बसले आणि पाणी मागितलं. सगळ्या वसाहतीत पाणी नव्हतं, तेव्हा एका म्हातारीनं आपल्या तांब्यातलं दिलं.

मॅनेजरला पटेना. स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर डाग असायचेच, म्हणाला. मामींनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. मला त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, सरळ धरून काढा, मग उलटं धरून काढा. त्यानं काढलं. त्यानंतर तो लग्नाबिग्नाचं काही बोलला नाही. दोन दिवसांनी पाळणा उंच उचलणारी गाडी आणून तिच्यातून माणूस वर पोहोचवला, तर ती पट्टी त्याच्या हातातच आली. तिच्या वरच्या दोन्ही पट्ट्यांचे बोल्टही आतून गंजून गेले होते, ते खालून मलाही दिसणारे नव्हते. मामांचं वजन एकेचाळीसवर गेलं असतं, तर शिडी खांब सोडून बाहेर आली असती.

त्या दिवसानंतर मामा चढण्याआधी छत्रीखाली येऊन बसायला लागले. दोन डोकी आणि मध्ये मी. चेष्टा गेली नाही. चेष्टा गेली तर मामा मामा कसले. पण मामी 'नाही' म्हणाल्या की ते पट्टा सोडून बाजूला ठेवायचे, का म्हणून विचारायचे नाहीत. आणखी चार वर्षं चढले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा एका धुराड्यावरून उतरले, पट्टा गुंडाळला आणि म्हणाले, आता बास. आपल्या पायांनी उतरून बास म्हणाले, हे या धंद्यात सगळ्यांच्या नशिबी नसतं.

माझंही वय झालंय. नाक ताणलं की मध्येच अडकतं, पाठीवर टिचकी मारावी लागते. बॅटरीच्या झाकणाला दोरा बांधलाय. पण नजर आहे, तीळ धरून. माझ्या पोटात घरच्यांचा एकही फोटो नाही. सगळ्या पायऱ्या, पट्ट्या आणि बोल्ट. लेकीला त्याचं वाईट वाटतं. मला नाही. फोटो भिंतीवर लावता येतात, बोल्टांनी माणूस घरी येतो.

आज सकाळी मामींकडे एक तरुण बाई आली. तिचा नवरा नुकताच टाक्यांवर चढायला लागलाय, आणि तिला रात्ररात्र झोप नाही. मामींनी मला पिशवीतून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. कोपर कुठं टेकायचं, श्वास कधी धरायचा, तीळ कुठं आहे, उलटं कधी धरायचं, सगळं दाखवलं. बाई हुशार, दोनदा सांगावं लागलं नाही. तुम्हालाही माझ्यासारखा कुणी मिळाला तर खुशाल घ्या. एवढंच करा, मला जे दिसलं नाही ते तुम्ही दिसलं म्हणू नका.

बाई मला घेऊन निघाली, पण मामींनी मला हातातून सोडलंच नाही.

"हे सगळं येईल तुला," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला 'नाही' म्हणता येतं का?"

ती बाई लाजली. म्हणाली, म्हणेन की.

"म्हण बघू."

"नाही," ती म्हणाली, कपाटाशी बोलल्यासारखी.

"तो साठ पायऱ्या वर आहे, आणि चार माणसं हसतायत."

"नाही."

"अजून."

तिसऱ्यांदा ती अशी म्हणाली की आतून मामा हातात चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि विचारायला लागले, काय झालं, मी काय केलं.

मग मामींनी मला सोडलं.