घड्याळजींची ताटली

सासऱ्यांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं आणि संगणकाच्या पडद्यावरचं पहिलं नाव लिहून घेतलं. नव्या प्रोग्रामसोबत आत जाणाऱ्या तुकड्यांची अशी त्रेचाळीस नावं पडद्यावर होती.

"अहो बाबा, हे सगळं लिहिणार?" असं अगदी सूनबाईच्या ओठांवर आलं. पण बोलायची सोय नव्हती, कारण नियम तिचाच. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर नवा प्रोग्राम बसवायची खिडकी तिने आणि तिच्या सोबत्यांनी सहा महिने खपून तयार केली होती. ज्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही, अशांसमोर ती ठेवायची आणि आपण चकार शब्द काढायचा नाही, हे तिनेच ठरवलेलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून मजा बघत होत्या. त्यांनी सुनेच्या हातात एक बिस्कीट ठेवलं.

"हे घाल तोंडात. नाहीतर तुला काही राहवायचं नाही."

सासरे घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुढच्या खोलीतलं दुकान बंद केलं आणि 'कंटाळा आला' असं सगळ्यांना सांगितलं. कंटाळा कसला डोंबलाचा! कान गेले होते. माणसांचं बोलणं कळायचं, पण घड्याळाची टिकटिक येईना, आणि ती ऐकल्याशिवाय हे गृहस्थ घड्याळ हातावेगळं करणाऱ्यातले नव्हते. सासूबाईंचं स्वतःचं मनगटी घड्याळ तेव्हापासून रोज पुढे पळत होतं. त्या रोज सकाळी काटे मागे घ्यायच्या, पण दुसऱ्या कुणाकडे म्हणून ते दिलं नाही.

मग सुनेला एक प्रोग्राम सापडला. माइकपाशी घड्याळ ठेवलं की प्रत्येक टिकटिकीचा ठिपका पडद्यावर उमटतो. ठिपक्यांची रेघ सरळ गेली तर घड्याळ बरोबर, वर चढली तर ते पुढे पळतंय. हे ऐकताच म्हातारबुवा ताडकन उठले. पण 'मी बसवून देते' म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. "दुसऱ्याने बसवलेल्या अवजारावर मी काम करत नाही. माझं मी बसवीन, नाहीतर राहू दे."

आणि आता सतराव्या नावाशी ते थांबले. चष्मा काढून पुसला. वही मिटली.

"राहू दे, सूनबाई. आपल्याच्याने नाही व्हायचं हे."

सुनेला बिस्किटाचा ठसकाच लागला. नियम गेला खड्ड्यात! "पण बाबा, नावं लिहिताय कशाला? नुसतं खालचं बटण दाबायचं होतं!"

"कशाला म्हणजे? घड्याळ उघडलं की काढलेला प्रत्येक स्क्रू मी ताटलीत ओळीने मांडतो. काही बिनसलं तर त्याच ओळीने परत लावता येतो. तुझा पडदा म्हणतो त्रेचाळीस तुकडे आत जाणार. बरं, नको झाले तर बाहेर कसे काढायचे? कुठे लिहिलंय? तू मला ताटलीच दिली नाहीस, बाळ."

सूनबाईने कपाळावर हात मारला. सगळं उघड सांगितलं की माणसाची भीती जाईल, असं ती आणि तिचे शहाणे सोबती सहा महिने धरून चालले होते. तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आवरेना. दुपारभर ती फोनवर सोबत्यांशी कडाकडा भांडली आणि संध्याकाळी खिडकी बदलून मोकळी झाली.

दुसऱ्या सकाळी पडद्यावर नावांची यादी नव्हती. प्रोग्रामचं चित्र, 'बसवा' असं बटण, आणि खाली एक ओळ: 'लागणारे तुकडे आपोआप येतील. नको वाटलं तर "काढून टाका" दाबा, सगळं आधी होतं तसं होईल.'

सासऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. बटण दाबलं. प्रोग्राम बसला. सूनबाई टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी 'काढून टाका' दाबलं!

"अहो, हे काय केलंत?" सासूबाई ओरडल्या.

"थांब गं जरा." त्यांनी पुन्हा बसवला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. मग खुर्चीत मागे रेलून मिशीत हसले. "ताटली बरोबर आहे. आण आता तुझं घड्याळ."

सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. सासऱ्यांनी मागचं झाकण उघडून ते माइकपाशी ठेवलं. पडद्यावर ठिपके टपटप पडू लागले आणि रेघ तिरकी वर निघाली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चिमट्याच्या टोकाने आतली बारीक दांडी केसभर सरकवली. रेघ थोडी वाकली. आणखी केसभर. रेघ सरळ झाली आणि सरळच चालत राहिली.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सूनबाई तर खुशाल रडत होती आणि हसतही होती.

सासऱ्यांनी कालची वही ओढली. सतरा नावांखाली अठरावा आकडा घातला आणि सावकाश लिहिलं: 'कान. माझा मी बसवला.'