फिनलंडच्या भरवशावर

त्या वर्षांत सिडनीत विद्यार्थ्यांचे नुसते लोंढे येत होते. कुणी अकाउंटिंगला, कुणी कुकरीच्या कोर्सला, आणि सगळ्यांचा डोळा पीआरवर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यावर. एकेका युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आठ-आठ जण राहायचे. त्या मानाने पॅरामॅटा उपनगरातल्या आमच्या युनिटमध्ये आम्ही चौघं म्हणजे चैनच. मोठ्या खोलीत दत्तात्रय आणि सिद्धार्थ, हॉलमध्ये मी आणि छोट्या खोलीत ओजस. छोट्या खोलीत पलंग ठेवला की उभं राहायला जेमतेम जागा उरायची, पण तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. भांडणं व्हायची ती या कडीसाठी.

खोली दर नोव्हेंबरात नव्या माणसाला मिळायची. आदल्या वर्षी ती कुणाला द्यायची हे आम्ही क्रिकेटवर ठरवलं, आणि त्यात ओजस आणि मी महिनाभर एकमेकांशी बोललो नाही. म्हणून या वेळी दत्ताने फर्मान काढलं. दत्ता आमच्यात मोठा, पीआर मिळालेला, लीज त्याच्या नावावर, त्यामुळे फर्मानं काढायचा हक्क त्याचाच.

"असा खेळ शोधा, ज्यातलं चौघांनाही काही म्हणजे काही कळत नाही."

ओजसने अर्धा दिवस इंटरनेटवर घालवला आणि फिनलंडची फुटबॉल लीग शोधून काढली. तिथली पहिल्या दर्जाची लीग. तिथे हिवाळ्यात मैदानं गोठतात, म्हणून हंगाम एप्रिलला सुरू होऊन ऑक्टोबरात संपतो. आमच्या लीजला अगदी चपखल. क्लबांची नावं उच्चारताना जीभ अडखळायची, तेव्हा शर्टाच्या रंगांवरूनच आम्ही त्यांना नावं दिली. चिठ्ठ्या कुकरमध्ये टाकल्या. मला निळे आले, सिद्धार्थला पिवळे. ओजस आणि दत्ताला जे आले ते जूनपर्यंतच तळाला गेले, त्यामुळे त्यांचं सोडा. नियम एकच होता: हंगामाअखेर ज्याचा क्लब तक्त्यात वर, खोली त्याची.

मला खोली झोपेसाठी हवी होती. मी पहाटे बेकरीत कामाला जायचो, दुपारी युनिव्हर्सिटीत तास नसेल तेव्हा झोपायचो, आणि नेमकी तेव्हाच हॉलमध्ये टीव्ही लागायचा. माझं दुखणं एवढंच, पण ते रोजचं होतं.

सिद्धार्थचं दुखणं मोठं होतं. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि त्याची बायको मिताली चिंचवडला माहेरी होती. तिचा व्हिसा आलेला होता. तिच्या वडिलांनी, मोहनकाकांनी, एकच अट घातली होती: जावयाला स्वतःची, दाराची खोली मिळाली की मुलीचं तिकीट काढीन. कुणाच्या तरी पुतणीने हॉलमध्ये पडदा लावून संसार केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

आता कुणीही म्हणेल, एवढंच होतं तर त्याने सरळ खोली मागायची. पण सिद्धार्थ म्हणजे भिडस्तपणाचा अर्क. लोणच्याची बरणी ताटापासून हातभर लांब असली तर हा भात कोरडा खाईल, पण "जरा इकडे दे" म्हणणार नाही. सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करायचं काम करायचा. मॅनेजरने त्याच्या दोन शिफ्ट दुसऱ्याला दिल्या, तर "नो वरीज" म्हणून घरी आला आणि आठवडाभर गप्प बसून राहिला. मितालीच्या व्हिसाचंसुद्धा आम्हाला त्याने सांगितलं नाही. मोहनकाकांचा फोन मी उचलला, म्हणून कळलं.

दत्ताला मी म्हटलं, "त्याला देऊन टाकायची का?"

"त्याने मागितली तर देऊ," दत्ता म्हणाला. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. मी काय घरोघर विचारत फिरू, कुणाला काय पाहिजे म्हणून?"

मला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. न मागता दान करायला मी काही कर्ण नव्हे, आणि मला झोप हवी होती.

हंगाम सुरू झाला. तिथले सामने व्हायचे आमच्या झोपेच्या वेळी, त्यामुळे निकाल सकाळी चहाबरोबर कळायचा. सुरुवातीला कुणी फारसं बघतही नव्हतं. मग पिवळे एकामागून एक जिंकत सुटले, आणि चिंचवडमध्ये खळबळ उडाली.

झालं असं, की खोलीचं काय झालं हे सासऱ्यांनी विचारल्यावर सिद्धार्थने त्यांना सगळी योजनाच समजावून सांगितली. दुसरा कुणी सासरा असता तर जावयाची अक्कल काढली असती. मोहनकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, रिकामे आणि शिस्तीचे. ते दर रविवारी सायबर कॅफेत जाऊन फिनलंडचा तक्ता बघायला लागले. फोन आला की माझ्याशीही बोलायचे.

"काय यतिन, तुमच्या निळ्यांचा तो उंच माणूस लंगडतोय म्हणे?"

"असेल काका. मला त्याचं नावही माहीत नाही."

"नाव मलाही म्हणता येत नाही हो. पण नऊ नंबर. आमच्या पिवळ्यांचा गोलकीपर मात्र भक्कम आहे."

आमचे पिवळे! जन्मात कधी फुटबॉलला पाय न लावलेला माणूस. एकदा म्हणाले, तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग या पोरांना झोप कशी लागत असेल? मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. लेकीची काळजी कुठून कुठे जाऊन पोचली होती.

सिद्धार्थ तर पार बदलला. सोमवारी मितालीला कॉलिंग कार्डावरून फोन करायचा, हॉलच्या कोपऱ्यात उभा राहून, आणि मी तिथेच गादीवर पडलेला असल्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी तो तिला जेवलीस का, काय केलंस, असलं काही विचारायचा. जुलैपासून नुसते गोल. "आपण तिसऱ्या नंबरवर आहोत. यतिन पाचव्या." "या वेळी ड्रॉ झाली, पण अवे मॅच होती ना." ती काय म्हणायची ते मला कळत नव्हतं, पण तिची वाक्यं आखूड होत चालली असावीत, कारण याची लांबत चालली होती.

सप्टेंबरमध्ये निळ्यांचा तो लंगडा बरा झाला. आम्ही वर सरकायला लागलो. मला आनंद झाला हे कबूल करायला मला काही वाटत नाही. सिद्धार्थचं जेवण मात्र कमी झालं. एका सकाळी तो पडदे न उघडताच लॅपटॉपपुढे बसलेला दिसला. निळे जिंकले होते आणि अंतर एका गुणावर आलं होतं.

"मेट, बोल ना काहीतरी," ओजस त्याला म्हणाला. "यतिनला सांग, वाइफ येतेय, रूम दे. ही विल से येस."

"नियम सगळ्यांनी मिळून केलाय," सिद्धार्थ म्हणाला. "असं बरं दिसत नाही."

मी तिथेच ब्रेडला बटर लावत होतो. मला त्याचा राग आला. हा माझ्या तोंडावर माझ्याबद्दल बोलत होता आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हटलं, ठीक आहे, धावू देत त्या फिनलंडच्या पोरांना.

शेवटच्या शनिवारी पिवळे हरले आणि निळे जिंकले. लीगचं विजेतेपद तिसऱ्याच कुणाला तरी मिळालं, त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. रविवारी सकाळी तक्ता उघडला तर निळे वर, पिवळे खाली. सिद्धार्थने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. खरोखर केलं, चेहरा पडलेला असताना. मग ट्रॉल्यांच्या शिफ्टला निघून गेला.

दुपारी मी आडवा झालो होतो तेवढ्यात फोन वाजला.

"यतिन का? मी मिताली बोलतेय. सिद्धार्थची."

"तो कामावर गेलाय. संध्याकाळी येईल."

"माहीत आहे. मला तुमच्याशीच बोलायचंय. बाबा आत्ताच तक्ता बघून आले. खोली तुम्हाला मिळाली ना? ती मला हवी आहे. द्याल का?"

"घ्या की," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं की माझं मलाच नवल वाटलं. सहा-सात महिने ज्या खोलीसाठी मी परक्या देशातल्या एका माणसाच्या पायाची काळजी वाहिली, ती मी चहाचा कप द्यावा तशी देऊन टाकली. कुणी समोर येऊन मागितलं की नाही म्हणायला वेगळंच काळीज लागतं, आणि ते माझ्याकडे नाही.

 मला वाटलं, आता ती रडेल. पण आवाज अगदी सरळ होता.

"त्याने तुम्हाला कधी विचारलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण झोपमोड झालेली होती, आणि सकाळचं ते हस्तांदोलन डोक्यात होतं.

"नाही," मी म्हटलं.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"आणि विचारलं असतं तर दिली असतीत?"

"कुरकुर केली असती. पण दिली असती."

"बरं," ती म्हणाली. "बाबांनी अट घातली, याने ती मान्य केली, मग दोघं मिळून फुटबॉल बघत बसले. अख्खा हंगाम. मी येऊ की नको, हे ती अकरा पोरं ठरवणार होती. तुमची खोली तुम्हीच वापरा. मला आता जरा विचार करू दे."

फोन ठेवल्यावर झोप कसली लागतेय. दत्ताला सांगितलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "आपण आधीच द्यायला हवी होती रे." मी त्याला म्हटलं, आता सुचलं होय तुला. पण मलाही ते आताच सुचलं होतं.

संध्याकाळी सिद्धार्थ आला. हात धुतले, पाणी प्यायला, पुन्हा हात धुतले. मग माझ्या गादीजवळ येऊन उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"यतिन, एक मागू? ती खोली... म्हणजे तू जिंकलास, तुझीच आहे. पण मिताली यायचीय. मला देशील?"

दिवसभर ट्रॉल्या ढकलताना हा तेवढी चार वाक्यं घोकत असणार. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"दिली," मी म्हटलं. "पण दुपारी तिचाच फोन आला होता. तिनेही मागितली. आणि तू कधी विचारलं होतंस का, हेही विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं."

तो मटकन खुर्चीत बसला. "मग?"

"मग ती म्हणाली, खोली नको. विचार करू दे."

"पण आत्ता मी विचारलं ना!"

"ते मला काय सांगतोस? तिला सांग."

त्याने कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा लागला. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण बूट कुठे काढलेत तेच आठवेना, म्हणून शोधत राहिलो.

"मिताली, मी यतिनला खोली मागितली. हो, आज. हो, हरल्यावर." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "नाही. त्याच्या आधी नाही. मला भीती वाटत होती, तो नाही म्हणाला तर काय. नाही, तेवढंच नाही."

मला बूट सापडले. मी लेस बांधायला वाकलो.

"तेवढंच नाही," तो परत म्हणाला. "तू नको म्हणालीस तर काय, म्हणून तुलासुद्धा कधी विचारलं नाही." त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "मिताली, तुला यायचंय का इकडे?"

 तो तसाच उभा होता, आणि या वेळी मधे गोलबिल काही न घुसवता तिच्या उत्तराची वाट बघत होता.