कियोएआजींच्या खोपटातला हिरवा दिवा

मी भूकंपमापक बोलतोय. आधी पाय आपटणं थांबवा, मग सांगतो.

माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. मला तुम्ही पायांनी कळता, आणि तुमच्यातल्या बहुतेकांना धड चालताही येत नाही. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. डब्याएवढं अंग, आत स्प्रिंगवर तोललेलं एक वजन. जमीन हलली की ते वजन मागे राहतं आणि मी नोंद करतो. समुद्रापलीकडे बसलेला धक्कासुद्धा माझ्या कानातून सुटत नाही. एवढ्या तिखट कानाच्या मला विद्यापीठाने ठेवलं कुठे, तर अडगळीच्या खोलीत. कुठे घरं कोसळली, माणसं गेली, की मग ही शहाणी मंडळी आम्हाला शोधत धावतात.

त्या हिवाळ्यात आमच्या द्वीपकल्पात फार मोठा भूकंप झाला. बंदराचा तळ वर आला आणि होड्या कोरड्या खडकावर बसल्या. नंतरचे लहान धक्के मोजायला मला आणि माझ्या भावंडांना गावोगावी पेरायचं ठरलं. मला घेऊन आले काजितानी सर. माणूस हुशार, पण बोलायला फार गोड. गोड माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा.

गावच्या सभागृहात बेघर झालेले लोक झोपत होते. तिथल्या घोरण्यात माझं काय काम! शेवटी कियोएआजींनी घरामागचं खोपट दिलं. जमीन खडकाची, म्हणजे मला साजेशी. आजींच्या घरावर लाल कागद चिकटवला होता, आत पाऊल टाकायला बंदी. आजी रात्री सभागृहात झोपत, पण दिवसा कोंड्यात मुरत घातलेल्या मासळीची पिंपं बाहेरूनच डोळ्यांखालून घालायला येत.

मला बसवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, मोठा धक्का यायचा असला तर हे आधी सांगतं का हो?"

काजितानींच्या हातात आजींनी दिलेला गरम चहा होता, गालात मासळीचा तुकडा. एवढा पाहुणचार झाल्यावर ‘नाही’ म्हणायला जीभ वळेना.

"हा हिरवा दिवा दिसतोय ना आजी? तो लागलेला असला की काळजीचं कारण नाही."

दिवा बॅटरीचा होता. बॅटरी ठीक आहे, एवढंच तो सांगायचा.

आजी दुसऱ्याच दिवशी लाल कागदाच्या घरात राहायला गेल्या. मग शेजारचा गेम्पाची आला. हा म्हातारा कोळी, पावलं अशी टाकतो की वाटावं नांगर फेकतोय. तो दिव्याला निरखून घरी झोपायला गेला. हळूहळू सगळं गाव यायला लागलं. कुणी माझ्यापुढे संत्री ठेवली, कुणी भाताचा मुटका. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला मी बसलो होतो, आणि ही मंडळी माझ्या कानाशी उभी राहून हात जोडत होती. मूर्खपणाला सीमा असते, असं मला तोवर वाटायचं.

माझ्या नोंदी विद्यापीठात बिघडलेल्या दिसल्या तेव्हा काजितानींचा फोन आला. आजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा.

"आजी, खोपटात कुणी नाचतंय की काय?"

"नाचतंय कोण! सगळे दिवा बघायला येतात. दिवा बघितल्याशिवाय गेम्पाची घरात पाऊल टाकत नाही."

 काजितानीला तिथेच सगळं कळलं होतं. तेव्हाच्या तेव्हा एक वाक्य बोलला असता तर पुरत होतं.

"बरं... पुढच्या आठवड्यात येतो, तेव्हा बोलू."

त्याच्या येण्याआधी धक्का आला. भरदुपारचा. आजी घरात पिंपं सरकवत होत्या. तुळई खाली आली आणि त्यांचा पाय अडकला. मी सगळं टिपलं: जमिनीची उसळी, तुळईचा दणका, मग त्यांच्या मुठीचे जमिनीवरचे ठोके. गेम्पाची धावत आला आणि मोटारीच्या जॅकने त्याने तुळई उचलली. इतका वेळ माझा दिवा हिरवागार होता. एवढी स्वच्छ नोंद मी जन्मात केली नव्हती, आणि तिची मला किळस आली.

काजितानी आला तेव्हा आजी पायाला प्लास्टर घालून, गेम्पाचीच्या हातगाडीवर बसून खोपटात आल्या.

"सर, हा दिवा कसला?"

"बॅटरीचा," तो म्हणाला आणि त्याने जमिनीला डोकं टेकलं.

"म्हणजे मी इतके दिवस बॅटरीला संत्री वाहत होते?"

"उचला हे डबडं, नाहीतर समुद्रात फेकतो!" गेम्पाची गरजला.

"थांब रे. सर, डोकं वर करा. हे करतं तरी काय? खरं सांगा, गोड नको."

"जमिनीखालची फट कुठून कुठवर गेली ते कळतं. कुठे पुन्हा घर बांधू नये, ते सांगता येईल. पण आज नाही, दोनेक वर्षांनी. आणि पुढचा धक्का कधी येईल ते कधीच नाही."

"हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही घाबरला होतात, आजी."

"घाबरले होते, म्हणूनच तर पाय शाबूत होता!"

 आजींनी त्याला दारोदार फिरवलं. स्वतः हातगाडीवर बसून मागून जात होत्या. प्रत्येक घरापुढे तो सांगायचा, "मी चुकीचं बोललो. यंत्राला पुढचं काही कळत नाही." आवाज बारीक झाला की मागून आजी ओरडत, "मोठ्याने!" त्या संध्याकाळी लोक अंथरुणं काखेत मारून सभागृहात परतले. मला मात्र आजींनी राहू दिलं. "नातवंडांना कुठे घर बांधायचं ते कळू दे," म्हणाल्या. गेम्पाचीने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि जाताना मला एक शिवी घातली. त्या गावात माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

आता वसंत आलाय. माझ्याकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे नोंदी उत्तम आहेत. तुमच्या गावात माझा एखादा भाऊबंद आला तर त्याला जागा द्या आणि लांबून चाला. तडा गेलेल्या घरात झोपायची परवानगी त्याच्याकडे मागू नका. तुमच्या अकलेपेक्षा तुमची भीती शहाणी आहे. चहा पिता पिता कुणी ती काढून घ्यायला लागला, तर देऊ नका.