प्रितमची खराद मशीन

प्रितमनं घरात कोणाला न विचारता खराद मशीन आणली आणि आता तिच्यावर तो रोज नुसतं फडकं मारत होता. लाकूड फिरवायला मशीन होती, पण ते तासायला पटाश्या नव्हत्या, धारेचा दगडही नव्हता. सगळा पैसा मशीननंच खाल्ला. ललिताबाई नातवाचं हे सोंग बघत होत्या.

एकदा तो लाडात येऊन म्हणाला, "आजी, आपला हातमाग बंदच पडून आहे. विकू का? जुनं सागवान आहे, पटाश्या येतील."

त्या मागावर ललिताबाईंनी चार लेकरं वाढवली होती. त्या ताडकन उठल्या.

"नवरदेव आणला, अन् जेवणाले पत्रावळ नाही! मागाले हात लावू नको. पटाश्या मी घेऊन देईन. तू बांधावरची बाभूळ तोड, आधी लाटणे कर. बिघडले तर चुलीत जातील!"