लेकीचं वय आईपासून

तारीखबाई जिना चढून वर आली तेव्हा कंपनीचा सहीवाला आधीच येऊन बसला होता. टेबलावर कागद, कागदावर टोपण काढून ठेवलेलं पेन, आणि समोर ताई, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. शाळेत गणितात नापास झाली की ती अशीच बसायची.

"आलीस? बरं झालं. साक्षीदार लागतोय," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, रड नव्हती, काहीच नव्हतं.

ताईचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. अकरा वर्षं ती प्रसूतिगृहांचे दूध काढायचे हातपंप दुरुस्त करत होती. दर वेळी तोच मऊ पडदा फाटलेला, आणि दर वेळी दारात कुणीतरी नुकती बाळंत झालेली बाई, ओल्या छातीवर ओढणी धरून. बाळ काचेच्या पेटीत, मुठीत मावेल एवढं. त्याला ओढता येत नाही, आणि हिचं दूध वाया जातंय. शेवटी ताईने स्वतःचा साचा पाडला. पडदा त्याच आकाराचा, पण न फाटणारा. पहिला पंप निघायच्या आतच पंप बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: हा पडदा आमच्या पेटंटचा आहे, मुदत संपायला तेरा वर्षं बाकी आहेत, तोवर बनवणार नाही असं लिहून द्या.

आता घरातच तारीखबाई असताना परक्याला कोण विचारणार? धाकटी बहीण नऊ वर्षं पेटंट वकिलांच्या कचेरीत कुठला हक्क कधी संपतो त्याच्या तारखा काढत होती. हे नावही कचेरीतच पडलेलं. ताईने फोन केला. त्या वेळी तारीखबाईच्या खांद्यावर तिची दात येणारी लेक किंचाळत होती आणि फोन कान नि दुसऱ्या खांद्याच्या मध्ये दाबलेला.

"पहिल्या पानावर अर्ज दाखल केल्याची तारीख असेल, ती वाच."

ताईने वाचली. सात वर्षांपूर्वीची.

"पेटंट वीस वर्षांचं. विसातून सात गेले, तेरा. बरोबर सांगतायत गं ते."

बस, एवढंच. त्या एका वाक्यावर ताईने कामावरच्या दोघी बायकांना घरी पाठवलं आणि साच्यावर चादर घातली. त्याला आज तीन आठवडे झाले.

"कुठे करायची सही?" तारीखबाईने विचारलं. मग सवयीने, नुसत्या सवयीने, पत्रामागे टाचलेलं पेटंटचं पहिलं पान उलटून पाहिलं. दाखल तारखेच्या खाली मुंग्यांसारख्या अक्षरांत एक ओळ होती: हा अर्ज आधीच्या अमुक अर्जाचा पुढचा भाग आहे.

तिचे कान तापले. कचेरीत नवीन आलेल्या पोरींना पहिल्या दिवशी ती स्वतः शिकवायची: आधी वंशावळ बघा, मग वय मोजा.

"ताई, पेन ठेव खाली."

"मॅडम, मला पाचच्या आत पोचायचंय," सहीवाला म्हणाला.

"पोचाल. बसा. ताई, ही लेक आहे. हिची आई वेगळी आहे."

"काय बडबडतेस?"

"हा अर्ज लेकीचा. मूळ शोधाचा अर्ज आधीच केलेला असतो, तो आईचा. मग त्याच शोधाला नवीन शब्दांची झबली घालून एकेक लेक जन्माला घालतात. पण लेक कधीही जन्मू दे, तिची वीस वर्षं आईच्या तारखेपासून धरायची." तिने मोबाईलवर पेटंट कार्यालयाची नोंदवही उघडली. घाईत दोनदा आकडा चुकला. "आईचा अर्ज... वीस वर्षं आणि एकोणीस दिवसांपूर्वीचा. ताई, हे सगळं एकोणीस दिवसांपूर्वी मेलंय!"

सहीवाला हसला. "वाढीव दिवस विसरलात, मॅडम. सरकारी कार्यालयाने उशीर केला म्हणून या पेटंटला चारशे बारा दिवस जास्त मिळालेत. तिथेच छापलंय."

छापलेलं होतं. ताईच्या चेहऱ्यावर आलेला उजेड तिथेच विझला. तारीखबाईने पान डोळ्यांजवळ नेलं. चारशे बाराच्या वर एक चांदणी होती, आणि चांदणीचा खुलासा पार तळाला.

"वाचा ना मोठ्याने," ती म्हणाली. "नाही? मग मी वाचते. या पेटंटाने हक्कसोड केली आहे. म्हणजे आईच्या नंतर एक दिवसही जगणार नाही, असं लिहून देऊनच ही लेक पदरात पाडून घेतलीय तुम्ही. नोंदवहीत आईला वाढीव दिवस शून्य. मग हिचे चारशे बारा कुठल्या तोंडाने सांगता?"

"हक्कसोड?" ताई पहिल्यांदाच ताठ बसली. "इथेही लेकीच हक्क सोडतात वाटतं!"

"हे बघा, मी फक्त सही घ्यायला येतो. तारखा वरून येतात."

"वरून यायला पाऊस आहे का?" तारीखबाईचा आवाज जिन्याखाली गेला. "पत्र धाडलंत तेव्हा आईला दोन दिवस उरले होते! मरायला टेकलेल्याच्या नावावर तेरा वर्षं मागायला लाज नाही वाटली? त्या तेरा वर्षांत किती पोरं चमच्याने थेंब थेंब घेत राहिली असती, मोजलंय कुणी तिकडे वर?"

सहीवाल्याने कागद गोळा केले. ताईने पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशात स्वतः खोचलं. "हे राहील नाहीतर. आणखी कुणाकडे जायचं असेल ना तुम्हाला."

त्याची पावलं खाली गेली. तारीखबाईला वाटलं, आता ताई गळ्यात पडेल. ताईने साच्यावरची चादर काढून नीट चौघडी केली आणि मग वळली.

"तेरा त्यांनी लिहिलं होतं. बरोबर कोण म्हणालं?"

"ताई, त्या वेळी बाळ..."

"बाळाला मधे आणू नकोस! त्यांनी खोटं लिहिलं, ते परके. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. तुझ्यावर ठेवला."

कंपनीवरचा सगळा राग तोंड फिरवून तारीखबाईच्याच अंगावर आला, आणि तो तिने येऊ दिला. वंशावळ न बघता वय मोजलं. पहिल्या दिवसाचा धडा.

ताईने फोन तिच्यापुढे सरकवला. "दोघींचे नंबर आहेत त्यात. उद्यापासून या म्हणावं. आणि घरी का बसवलं होतं, ते तू सांग. तुझ्या तोंडाने."

आतल्या खोलीत ताईने यंत्राचा खटका दाबला. तारीखबाईने पहिला नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आलं, त्यामागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

"मी ताईची बहीण बोलतेय," ती म्हणाली. "माझी चूक झाली."