खटपटघरातली कप्पी

मी बिडाची कप्पी बोलतेय. मुलुंडच्या एका सोसायटीतल्या खटपटघरात टेबलावर आडवी पडले आहे. माझं काम संपलं, पण जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासूनपुसून मला चौकटीत बसवलं, वर आकडा लावला आणि इथल्याच एका गाळ्यात धाडून दिलं. तिथे पंपांचे सुटे भाग बनत. त्यांची जड खोकी पोटमाळ्यावर चढवायची, हे माझं काम. विद्याधर तिथले फोरमन. रोज सकाळी पहिलं खोकं अडकवण्याआधी ते मला हातोडीने हलकेच वाजवून बघत. "खणखणीत आहे," म्हणत, आणि मगच दोरीला हात लावू देत.

पुढे गाळा बंद झाला. त्या जागी टॉवर येणार होता. सामान हलवताना मी कुणाच्या तरी हातातून निसटले आणि लादीवर आदळले. आकडा जिथे चौकटीत बसतो, त्या माझ्या मानेत आत काहीतरी उकललं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. विद्याधरांनी मला पिशवीत घालून घरी आणलं, आणि अकरा वर्षं मी त्यांच्या बाल्कनीत कुंड्यांमागे पडून होते. तेव्हा त्या तड्याची मला काळजी नव्हती. अंगावर भारच नव्हता.

मग त्यांच्या सुनेने, श्रुतिकाने, एक खूळ डोक्यात घेतलं. ती मेकॅनिकल इंजिनिअर. ओजस झाल्यावर नोकरी सुटली होती. आता ओजस सहा वर्षांचा झाला, तरी स्क्रू कुठल्या बाजूने फिरवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाबा, या मुलांनी आयुष्यात काही उघडून बघितलेलंच नाहीये," ती एकदा बाल्कनीत येऊन म्हणाली. "सगळं स्क्रीनवर. आपली टेबल टेनिसची खोली नुसती पडून आहे ना? मागूया का?"

सोसायटीच्या सेक्रेटरी शुभाताई. त्यांनी सहा महिन्यांसाठी खोली दिली, पण स्पष्टच सांगितलं, "श्रुतिका, कुणाला लागलं ना, तर दुसऱ्या दिवशी कुलूप. मी ऐकणार नाही."

महिन्याभरात खोलीचं रूप पालटलं, तिचं खटपटघर झालं. लाकडी चाकं आली, नटबोल्टांचे डबे आले, मुलांच्या मुठीत मावतील अशा हातोड्या आल्या. एका भिंतीवर पाइपचे तुकडे जोडून पाणी खेळवायची सोय झाली. बंद पडलेले मिक्सर आणि घड्याळं उघडायला ठेवली. छताच्या लोखंडी तुळईला मला टांगलं, दोरी ओवली, बादली बांधली. मुलांनी ठोकळे बादलीत भरायचे आणि उंच मचाणावर चढवायचे. खाली जमिनीवर पिवळा पट्टा आखला. दोरी चालू असताना त्याच्या आत कुणी जायचं नाही.

विद्याधर त्या दिवशी फार खूश होते. त्यांनी मला तेल घातलं, दोनदा ओढून बघितलं. वाजवून बघायचं मात्र राहून गेलं.

तिथून माझा घोर सुरू झाला.

पहिल्या दिवशी पाच ठोकळे आले. दुसऱ्या आठवड्यात बादली काठोकाठ. खाली जेवढं वजन, तेवढीच दुसऱ्या बाजूने ओढ. माझ्या आकड्यावर दोन्ही मिळून दुप्पट भार. मुलं खिदळत दोरी ओढायची आणि मी त्यांची डोकी मोजायचे. पिवळ्या पट्ट्यात कुणाचा पाय आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तडा केसाकेसाने पुढे सरकत होता. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? भार वर जाताना एक बारीकसा "टक्" एवढाच काय तो माझा आवाज.

तो आवाज गार्गीने ऐकला. ती पाच वर्षांची, तिसऱ्या मजल्यावरची. कुणाशी फारसं बोलायची नाही. कोपऱ्यात बसून एकच घड्याळ उघडायची आणि लावायची. एके दिवशी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर दोरी ओढली की ती हात थांबवायची. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मग तो शनिवार आला. पालकांना खोली दाखवायचा दिवस. ओजसने माणसांची लिफ्ट बनवली होती. झोपाळ्याचा एक लहान पाट, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. त्यावर चार वर्षांच्या प्रांजलला बसवून वर न्यायचं ठरलं.

"बाबा, झेपेल ना?" श्रुतिकाने विचारलं.

"अगं, दीडशे किलोची खोकी उचललीत हिने. प्रांजल म्हणजे पापड. आणि दोरी माझ्याच हातात असणार."

मला ओरडावंसं वाटलं. प्रांजल पाटाकडे निघाली, तेवढ्यात गार्गी पिवळा पट्टा ओलांडून आत आली. तिने पाट उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली.

"काय गो, तुला बसायचंय?" विद्याधरांनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. "कप्पी टक् करते."

"जुनी आहे ती. आवाज करणारच. तेल घालतो, चल."

"तेलाचा नाही. तो कर्र असतो." ती थांबली. "हा टक् आहे. वर जाताना होतो. खाली येताना नाही."

ओजस वैतागला. "ए गार्गी, दे ना यार." पालक हसत होते. कुणीतरी मोबाइल वर धरला होता. विद्याधरांच्या कपाळावर आठी पडली. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला पाच वर्षांची मुलगी शिकवत होती. त्यांनी पाटासाठी हात पुढे केला. मला वाटलं, संपलं.

"बाबा," श्रुतिका हळूच म्हणाली, "उतरवून बघूया. दहा मिनिटं उशीर होईल, एवढंच ना?"

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग ते शिडीवर चढले.

खाली टेबलावर ठेवून त्यांनी मला हातोडीने वाजवलं. आवाज खणखणीत नाही, बद्द आला. त्यांचा हात थांबला. त्यांनी सायकलच्या साखळ्या धुवायची रॉकेलची बाटली काढली, माझ्या मानेवर रॉकेल लावलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर खडूची पूड फासली. मुलं गोल करून उभी राहिली. पांढऱ्या पुडीवर आधी एक ठिपका भिजला. मग ओली काळपट रेघ उमटत गेली, थेट मानेच्या पाऊण अंगापर्यंत.

"हे काय आहे, आजोबा?" ओजसने विचारलं.

"तडा. रॉकेल आत शिरून बसलं होतं, ते बाहेर येतंय." विद्याधरांनी हातोडी बाजूला ठेवली. ते गार्गीसमोर उकिडवे बसले. "मला ऐकू आलं नाही, बाळा. तुला आलं."

प्रांजलच्या आईने तिला कडेवर घेतलं होतं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली, याच खोलीत. शुभाताई कुलूप घेऊनच आल्या होत्या. विद्याधर उभे राहिले. "चूक माझी आहे. कप्पी टांगण्याआधी वाजवून बघायची असते. मी बघितली नाही. श्रुतिकाला बोल लावू नका."

"काका, तुम्ही कबूल केलंत हे ठीक," शुभाताई म्हणाल्या. "पण ते पोर वर असतं तर? मला रात्रभर झोप नाही."

मग गार्गीची आई बोलली. संघमित्रा, बँकेत नोकरीला. "भीती मलाही वाटते. पण माझी मुलगी घरी दिवसाला दहा शब्द बोलत नाही. काल ती सगळ्यांसमोर उभी राहून बोलली, कारण तिला इथली वस्तू कळली होती. खोली बंद केलीत तर ती कुठे जाईल?"

शेवटी शुभाताईंनी तीन महिने दिले. अट अशी: वर टांगायची प्रत्येक वस्तू आधी दोन मोठ्यांनी तपासायची आणि मुलांनी तिचा आवाज ऐकायचा. कुणी नाही म्हटलं, तर ती टांगायची नाही. माणसांची लिफ्ट कायमची बंद.

आता मुलं माझा तडा बोटाने चाचपतात, मला उलटसुलट करतात. उद्या माझं चाक बाहेर काढणार आहेत म्हणे. त्याची मला भीती नाही.

वर तुळईला नवी कप्पी आली आहे. चकचकीत, बेअरिंगवाली. कसून तपासलेली. भार कितीही असो, ती हूं की चूं करत नाही. मोठी माणसं तिचं कौतुक करतात. मला मात्र तिच्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटते. दुखलं तर ती सांगेल का, आणि सांगितलं तरी कुणाला ऐकू येईल?

म्हणून हात जोडून एक मागते. दोरी ओढताना एखादं मूल हातातलं काम टाकून वर बघत राहिलं, तर तुम्हीही थांबा. त्याला काय ऐकू येतंय, ते विचारा.